'तयार' नावाचं फोल्डर

"म्हातारा अजून रोज दुपारी कामाला बसतो म्हणे. आणि ज्याचा फोटो तो तयार करतो, तो…"

एवढंच ऐकू आलं. गिरणीवाल्याने पट्टा चढवला आणि पुढचं सगळं घरघरीत गेलं. बोलणाऱ्या दोघी होत्या, एक आमच्याच गल्लीतली, दुसरी तिची कोणी पाहुणी. मी नाचणीचा डबा कडेवर घेऊन सरकत सरकत त्यांच्यामागे जाऊन उभी राहिले, तर दोघी गप्प. एक पिठाकडे बघायला लागली, दुसरी छताकडे. माझ्याबद्दल गल्लीत काय बोलतात ते मला माहीत आहे. बोलू देत. कोणाच्या घरी दूध नासलं ते मला कळतं, म्हणूनच कोणाच्या घरी ताप आला तर पहिली पेजही माझ्याकडूनच जाते.

म्हातारा कोण, हे विचारायची गरज नव्हती. लष्कर मोहल्ल्यात फोटो 'तयार' करणारा म्हातारा एकच. फत्तेसिंगराव. त्यांना जाऊन अकरा महिने झाले होते. खाली त्यांचा स्टुडिओ, वर घर, आणि त्यांच्या-आमच्या मधे भिंत एकच.

लग्नाचे फोटो काय, कोणीही काढतं. फत्तेसिंगरावांचं नाव होतं ते मेलेल्यांच्या फोटोंसाठी. जुन्या लोकांचा पुष्कळदा जन्मात एकच फोटो निघायचा, तोही शेवटचा. खुर्चीत बसवलेलं प्रेत, गळ्यात हार, नाकात कापूस. घरचे तोच घेऊन यायचे आणि म्हणायचे, भिंतीवर लावायचाय, माणूस जिवंत दिसला पाहिजे. मग फत्तेसिंगराव नाकातला कापूस काढायचे, लोंबलेला जबडा वर घ्यायचे आणि मिटलेले डोळे उघडून द्यायचे. आधी पेन्सिलीने, पुढे कॉम्प्युटरवर. हे सांगताना तंबाखूचा रस त्यांच्या हनुवटीवर आलेला असायचा. तो मनगटाने पुसून त्याच हाताने ते फोटो पाकिटात भरायचे. मी ते पाकीट पदराने धरायची आणि घरी येऊन पदर धुवायची.

त्यांची एक खोड होती, तिची मला त्याहून किळस. मोहल्ल्यात कोणी आजारी पडलं असं कळलं की ते त्या माणसाचा जुना फोटो हुडकून आधीच तयार करून ठेवायचे. मागे निळं आभाळ, गळ्यात चंदनाचा हार, डोक्यामागे उजेडाचं चक्र. खाली कन्नडमधे 'जनन', त्यापुढे तारीख, आणि 'मरण', त्यापुढे रिकामी जागा. "ऐनवेळी घरच्यांना ताटकळायला नको," म्हणायचे. आमच्या ह्यांना टायफॉइड झाला तेव्हा मी काही कामाने दुकानात गेले, तर स्क्रीनवर हे, हारासकट. हे आज ठणठणीत आहेत, रोज जोराने बातम्या लावतात. पण त्या दिवशी मी दुकानाच्या पायरीवर ओकले होते.

तर गिरणीतून आले त्याच दिवशी दोन वाजता मी ह्यांचे पेन्शनच्या कागदाला लावायचे फोटो आणायला खाली गेले. फोटो हे निमित्त होतंच, पण अर्धं ऐकलेलं पुरं केल्याशिवाय मला जेवण जात नाही.

दुकान आता सून बघते, सौम्या. तिचा नवरा संताजीराव हेब्बाळच्या कारखान्यात दुपारपाळीला असतो. सौम्या काउंटरवर कपाळ धरून बसली होती.

"अंबुजक्का, फोटो आत्ता मिळणार नाही. चार वाजता या."

"का ग? वीज तर आहे."

"वीज आहे. फाइल उघडत नाही. दोन ते चार असंच. बघा, हे गोल फिरतंय ते फिरतंय. आणि मधेच सगळ्यांना बाहेर काढतं, पासवर्ड चूक म्हणतं. पासवर्ड मी सकाळपासून तोच टाकतेय."

मी दहावी शिकलेली. सौम्याने समजावलं तसं सांगते. दुकानात कॉम्प्युटर तीन, पण फोटो तिन्हींत नाहीत. ते सगळे मागच्या काळोख्या खोलीत, जिथे पूर्वी रोल धुवायचे, तिथल्या एका मोठ्या डब्यात. तिन्ही कॉम्प्युटर तारेने त्या डब्याला जोडलेले. आत शिरायचं तर नाव आणि पासवर्ड लागतो. आणि नाव एकच, फत्तेसिंग. दुकानाला मालक एक तर नावही एक, असा म्हाताऱ्याचा कायदा. ते गेले, तरी नाव तेच राहिलं, कारण त्यांच्या घरात वर्षश्राद्ध होईपर्यंत गेलेल्याचं नाव कुठूनही पुसत नाहीत. पाटीवरून नाही, तसंच डब्यातूनही नाही. रोज सकाळी उदबत्ती फिरवून सौम्या सासऱ्याच्या नावाने आत शिरायची.

"लोक काहीतरी म्हणतायत," मी हळूच म्हटलं.

"मला माहीत आहे काय म्हणतायत." तिने दाराकडे बघितलं. मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. "हे त्यांचं फोल्डर. 'तयार'. ते गेल्यापासून मी ह्याला हात लावला नाही. महिनाभर ह्यातली एकच फाइल रोज दुपारी उघडली जातेय. मी उघडायला गेले की सांगतं, फत्तेसिंग ही फाइल वापरतोय."

"कोणाची आहे?"

"अत्तेंची."

अत्ते म्हणजे तिची सासू, गोदावरीबाई. मी वर छताकडे, तिच्या खोलीच्या दिशेने बघितलं. कारण महिनाभरच झाला होता गोदावरीबाई खंगायला लागून. तोवर पंचाहत्तरीची ती बाई जिना चढून माझ्याकडे सांबाराची हुळीपूड कुटायला यायची. आता पडून असायची. पापण्या जड, नाक चोंदलेलं, तोंडाने श्वास. डॉक्टर म्हणत होते, रक्त चांगलं आहे, छाती चांगली आहे, आम्हाला काही सापडत नाही.

"अक्का, मला त्यांना असं जाऊ द्यायचं नाही," सौम्या म्हणाली. "मी सासरी आले तेव्हा मला नवऱ्याच्या उष्ट्या ताटात नाही, तर माझं वेगळं ताट मांडून जेवायला बसवणारी ती एकटी."

बुधवारी तिचा भाऊ आला, रघु. हिनकलला राहतो आणि एका कंपनीत हेच काम करतो, कोणाचा कॉम्प्युटर कुठे अडकला ते शोधायचं. रजा टाकून, जेवून, दीडला दुकानात हजर. मी केळ्याचे काप घेऊन गेले.

"अंबुजक्का आल्या म्हणजे आता काम होणार," रघु म्हणाला. "आमच्या कंपनीत पाहिजे होत्या. कोण कुठे शिरलं ते मशीनच्या आधी ह्यांना कळतं."

"खा गप."

आधी त्याने काळोखी खोली उघडली. बाहेरून कडी असते. उघडल्याबरोबर आम्ही दोघींनी नाकाला पदर लावले. कुजकट, गोडसर, त्यात तंबाखू. रघुने टॉर्च मारली. डब्यामागे तारेजवळ घूस मरून पडली होती. पोट फुटलेलं, आणि त्यात अळ्या अशा वळवळत होत्या की घूस श्वास घेतेय असं वाटावं. तार कुरतडलेली. रघुने वर्तमानपत्रात ती उचलली तेव्हा शेपूट फरशीलाच चिकटून राहिली. मी बाहेर जाऊन गटाराशी थुंकून आले.

"हे घ्या भूत," तो म्हणाला. फिनेल टाकलं, तार बदलली. डब्याला स्वतःची स्क्रीन, माऊस आणि कीबोर्ड होता; कीबोर्डवर बोटभर धूळ होती, ती झटकली. फिनेलचा वास आला, पण खालचा वास गेला नाही.

दोनला परत तेच. गोल फिरायला लागलं. रघु काउंटरवर बसला.

"डब्यात आत्ता तारेने कोण कोण शिरलंय त्याची यादी निघते," तो म्हणाला.

यादीत चार ओळी होत्या. चारी ओळींत नाव एकच, फत्तेसिंग.

"कॉम्प्युटर तीन आहेत," सौम्या म्हणाली.

सौम्याने ओळी परत मोजल्या. मग रघुच म्हणाला, "भुताला तार लागत नाही अक्का. ह्याला तार आहे." आणि तो तार हाताने चाचपत निघाला. ती दुकानाच्या मागून वर, जिन्याच्या कठड्याला बांधलेली, चौकटीला पाडलेल्या भोकातून गोदावरीबाईंच्या खोलीत. आम्ही तिघं वर गेलो तर गोदावरीबाई उशीला टेकून बसलेल्या, मांडीवर म्हाताऱ्याचा जुना लॅपटॉप, आणि दोन्ही हात थरथरत कीबोर्डवर.

मला हसूच आलं. चाळीस वर्षं त्या नवऱ्याशेजारी बसून निगेटिव्हवर पेन्सिल फिरवायच्या, हे मी विसरूनच गेले होते.

"अज्जी, तू?" रघु म्हणाला. "किती वेळा चूक पासवर्ड टाकतेस ठाऊक आहे? पाच वेळा चुकला की डबा ते नावच बंद करतो, आणि खाली सगळे बाहेर."

"बोटं ऐकत नाहीत रे." त्यांचा आवाज नाकातून येत होता. पापण्या अर्ध्याच उघडत होत्या. "सुम्ने, उगीच आपला माझाच फोटो नीट करते."

रघुने फाइल उघडून बघितली. मला दाखवली. कॉम्प्युटरवर फोटो नीट करताना एकावर एक काचा ठेवल्यासारखे थर चढतात म्हणे. गोदावरीबाईंच्या फोटोवर तीनशेच्या वर थर होते. एकात डोळे मिटलेले आणि नाकात कापूस. त्यावरच्यात डोळे उघडे, कापूस नाही. त्यावर परत मिटलेले. परत उघडे. तीनशे वेळा.

"फाइल एवढी फुगलीय की तारेतून जाताना सगळ्यांचा रस्ता अडतो," रघु म्हणाला. मग आम्हाला बाहेर बोलावून हळू आवाजात, "म्हातारपण आहे. आज मिटते, उद्या विसरून उघडते. हे बंद केलेलं बरं."

"बंद नको रे," आतून गोदावरीबाई म्हणाल्या.

"अज्जी, तू आराम कर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला ती नजर कळायला हवी होती. दुसऱ्यांच्या घरातलं सगळं कळतं म्हणून मिरवणारी मी. पण मी त्यांचा हात थोपटला आणि म्हटलं, "आराम करा बाई. लहान पोरांसारखं काय."

खाली येऊन रघुने तिन्ही कॉम्प्युटरना वेगवेगळी नावं दिली, वेगळे पासवर्ड दिले. जुन्या नावाशी आल्यावर सौम्या अडली.

"वर्ष व्हायला बावीस दिवस आहेत."

"पुसत नाही ग. फक्त कुलूप लावतो. बावीस दिवसांनी पूस."

त्याने कुलूप लावलं, आणि काय सांगू, फोटो टपाटप उघडायला लागले. सौम्याने ह्यांचे फोटो मिनिटात छापून दिले. तिच्या तोंडावर महिन्याने रंग आला. गिरणीतल्या त्या दोघींना काय काय सुनवायचं ते मी मनात जुळवत बसले. सौम्याने कॉफी केली. गोदावरीबाईंचा कॉफीचा लोटा मी घेतला आणि वर गेले.

जिन्यातच मला वास आला. फिनेलचा नाही. ओल्या कापसाचा, कापराचा आणि तंबाखूचा.

गोदावरीबाई लॅपटॉपवर वाकल्या होत्या. पापण्या पूर्ण मिटलेल्या. एका हाताच्या बोटाने त्या डावी पापणी वर उचलून धरत होत्या, आणि दुसऱ्या हाताने पासवर्ड टाकत होत्या. स्क्रीनवर लाल अक्षरं होती. प्रवेश नाही.

"अंबुजा…" तोंड उघडं ठेवून त्या बोलल्या. "मला आत घ्यायला सांग… रघुला सांग…"

"काय झालं बाई?"

"तो मिटतो… मी उघडते. रोज. आज मला आत जाता येत नाही… तो आतच आहे."

मी लोटा खाली ठेवला. त्यांच्या नाकपुडीत काहीतरी पांढरं दिसलं. मला वाटलं शेंबूड. पदराच्या टोकाने पुसायला गेले तर ते धाग्यासारखं हाताला लागलं. मी ओढलं. कापूस होता. ओला, लिबलिबीत, तपकिरी डागांचा. ओढत गेले तसा येत गेला, वीतभर, हातभर, त्याला घट्ट पिवळं काही चिकटलेलं, आणि तरी आत अजून होताच. मी दोन्ही हातांनी ओढत राहिले आणि रघुला हाका मारत राहिले.

तो वर आला. बघितलं, आणि चौकट धरून उभा राहिला. मी त्याला म्हटलं, "त्यांना आत घे. आत्ताच्या आत्ता."

आम्ही दोघं खाली धावलो. रघुने जुन्या नावाचं कुलूप काढलं. वरून गोदावरीबाईंचा आवाज आला, "वापरात आहे म्हणतंय…"

"कोणाच्या वापरात?" सौम्या म्हणाली. "रघु, यादी काढ."

यादी निघाली. आमचे तीन कॉम्प्युटर आणि वरचा लॅपटॉप. चौघांपैकी कोणीही ती फाइल उघडलेली नव्हती.

"मग?"

रघुने ओठ पुसले. "ही यादी तारेने आलेल्यांची, अक्का. डब्यापाशीच बसून कोणी उघडली… तर ते इथे दिसत नाही."

काळोख्या खोलीची कडी बाहेरून लावलेली होती. मीच लावली होती, वासामुळे. तिघंही दाराशी उभे राहिलो. आतून आवाज येत होता. टिक. मग बारीक थांबणं. टिक, टिक. माऊसचा. आणि मधेच एक ओला आवाज, तोंडातला रस या गालातून त्या गालात घेतल्यासारखा.

सौम्याने कडी काढली.

आत कोणी नव्हतं. स्क्रीन चालू होती. तिच्या निळ्या उजेडात गोदावरीबाई हसत होत्या, गळ्यात चंदनाचा हार, डोक्यामागे चक्र, डोळे मिटलेले, नाकात कापसाचे बोळे. खाली 'जनन', पुढे तारीख. 'मरण', पुढे आजचा दिवस. आजचा महिना. वर्षाचे दोन आकडे. त्यापुढे टाइप करताना दिसते ती उभी रेघ लुकलुकत होती.

मघाशी झटकलेला कीबोर्ड चकाकत होता. कोमट, तपकिरी रस एकेका कळीच्या फटीतून खाली गळत होता, आणि त्यात तंबाखूचा चोथा.

"बटण बंद कर," मी म्हटलं. "विजेची तारच उपट."

"नको." रघुने माझा हात धरला. "आत्ता उपटली तर शेवटचं जे आत साठवलंय तेच राहील. मिटलेलंच राहील. आधी उघडून साठवायला पाहिजे."

गोदावरीबाईंना खाली आणायला वेळ नव्हता. वरचा श्वास आम्हाला खालपर्यंत ऐकू येत होता, फुटक्या भात्यासारखा, आणि दोन श्वासांमधलं अंतर वाढत होतं.

सौम्या डब्यापुढच्या स्टुलावर बसली. ते स्टूल ओलं होतं आणि ऊन होतं, हे तिने मला नंतर सांगितलं. तिने बोटं त्या रसात ठेवली. आधी तारीख पुसली. एकेक आकडा. मग कापूस. मग डोळ्यांपाशी आली आणि अडली.

"मला अत्तेंसारखे काढता येत नाहीत…"

"मग खालच्या थरातले घे," रघु म्हणाला.

"सगळे थर मिटलेत. बघ ना, तीनशेच्या तीनशे."

वर श्वास थांबला. आम्ही मोजलं नाही, पण थांबला. मग घरघरत परत सुरू झाला.

"सासऱ्यांचं 'डोळे' म्हणून फोल्डर होतं," सौम्या पुटपुटली. "तयार डोळे ठेवायचे…" तिने ते उघडलं. आत एकच जोडी होती. नावाच्या जागी नुसता आकडा, एक. तिने ते डोळे उचलले, गोदावरीबाईंच्या पापण्यांवर ठेवले, लहान-मोठे केले, कडा पुसल्या. माऊस तिच्या हाताखाली एकदा मागे खेचल्यासारखा झाला. तिने दुसऱ्या हाताने तो दाबून धरला. तिच्या बोटांमधून रस वर आला.

साठवायचं बटण दाबलं. चार जीबीची ती फुगलेली फाइल. हिरवी पट्टी सरकायला लागली. दहा टक्के. अकरा. तिथेच. माझ्या मानेवर कोणीतरी अगदी जवळून उच्छ्वास टाकला, गरम, तंबाखूचा, आणि मी मागे वळले नाही, इतकंच माझं धैर्य. तीस. एकतीस. रघुने तार हातात धरून ठेवली होती आणि तो रडत होता. साठ. सौम्या पट्टीकडे बघत होती, माऊसवरचा हात तिने सोडला नाही.

शंभर झाले. रघुने तार उपटली.

काळोख झाला. वरून गोदावरीबाईंनी मोठा, मोकळा, नाकातून श्वास घेतला. तो मी भिंतीला टेकून ऐकला.

त्याच संध्याकाळी रघुने डब्यातली डिस्क काढून हिनकलला नेली. तीन महिने झाले. तो म्हणतो की ती उघडत नाही, नाव आणि पासवर्ड मागते, आणि कोणतंच नाव घेत नाही. दुकानात नवा डबा आला आणि वर्षश्राद्धही पार पडलं. सौम्याचं काम झकास चालतं, दुपारीही. काळोख्या खोलीला चुना दिला. हात मात्र ती अजून दिवसातून वीस वेळा धुते.

डॉक्टरांचं म्हणणं, कापूस म्हातारीने स्वतःच कोंबला. म्हातारी माणसं करतात असं. रघुही आता हेच म्हणतो, त्याला ते सोपं जातं. आणि मी गिरणीत त्या गल्लीतल्या बाईला गाठून तिचं वाक्य पुरं करून घेतलं. ज्याचा फोटो म्हातारा तयार करतो तो त्याच आठवड्यात मरतो, असं ती म्हणत होती. मी तिला चांगलं सुनावलं. म्हटलं, गोदावरीबाई जिवंत आहेत, नाचणीचे मुद्दे खातात, सुनेला हाका मारतात, मला पत्त्यात हरवतात. अर्धं तरी खोटं ठरलं की नाही तुझं?

ती म्हणाली, "आणि अर्धं?"

ते मी तिला सांगितलं नाही. त्या दिवसापासून गोदावरीबाईंचे डोळे मिटत नाहीत. डॉक्टर म्हणतात की नस आखडली, आणि ओलावा टिकायला थेंब दिलेत. चार वाजता ते मीच घालते. बुबुळं पहिल्यासारखी काळी नाहीत, राखी झालीत. तेही वयाने होतं म्हणे.

गेल्या महिन्यात मी हळदीकुंकवाला मोहल्ल्यात चार घरी गेले. चारी घरी भिंतीवर फत्तेसिंगरावांनी तयार केलेले फोटो. कोणाचा सासरा, कोणाची आजी, कोणाचा लहानपणी गेलेला दीर. मी वाटी हातात धरून एकेका फोटोखाली उभी राहिले. चारी घरी डोळे तेच होते. राखी. एकच जोडी.

काल चारला थेंब घालायला गेले. गोदावरीबाई उताण्या पडल्या होत्या. एक माशी त्यांच्या गालावरून चढली, डोळ्यावर गेली, पांढऱ्यावरून बुबुळावर, तिथे पाय चोळत बसली. पापणी हलली नाही. मी पदराने ती हाकलली, आणि बोटाला त्या डोळ्याचा थंडपणा लागला.

"कोण, अंबुजा का?" त्या म्हणाल्या. "दिवा लावू नको ग. जरा डोळे मिटून पडलेय."

मी बरं म्हटलं. थेंबांची बाटली तशीच ठेवली आणि न वळता, पाठीमागे पावलं टाकत दाराकडे निघाले. गोदावरीबाईंचा श्वास झोपेचा झाला होता, संथ, घोरण्याचा. डोळे माझ्याबरोबर दारापर्यंत आले.